जू कोणी सोडायचे?

श्रोतेहो, आपल्या भाषेत थकण्याला शब्द पुष्कळ आहेत. शीण येतो, दमछाक होते, अंग मोडून येते, हातपाय गळतात. हे सगळे शरीराचे शब्द. दिवसभर निंदण करून आलेली बाई रात्री चार घास खाते, पाठ टेकते आणि पहाटे उठून पुन्हा चुलीपुढे बसते. तिच्या कष्टांना काही किंमत नाही असे मला म्हणायचे नाही. पण तो शीण झोपेने फिटतो. ह्याहून निराळा एक शब्द आहे, तो म्हणजे उबग. उबगलेला माणूस आठ तास झोपून उठला तरी उबगलेलाच उठतो. कालपर्यंत ज्या कामासाठी तो जीव टाकत होता, ते काम आज त्याला डोळ्यांपुढे नको असते. माणसे नकोशी होतात. आपण करतो त्याचा कोणाला काही उपयोग आहे, हेच वाटेनासे होते. आज मी बोलणार आहे तो ह्या दुसऱ्या थकव्याविषयी.

अमेरिकेत १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्या अवस्थेचे वर्णन केले आणि तिला जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ होतो जळून विझून जाणे. त्याला ही माणसे कुठे दिसली असतील? गिरणीत नव्हे, खाणीत नव्हे. न्यूयॉर्कमध्ये गोरगरिबांसाठी चालवलेल्या एका फुकट दवाखान्यात, हौसेने राबायला आलेल्या स्वयंसेवकांत. म्हणजे ज्यांना कामाची सक्ती नव्हती, कामावर ज्यांचे प्रेम होते, तीच माणसे आधी विझली! पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही ह्या अवस्थेची नोंद घेतली. हा रोग नव्हे, पण कामाचा ताण वर्षानुवर्षे साचत राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही तर ही अवस्था येते, असे तिने म्हटले. आळशी माणसाला ह्यापासून फारसे भय नाही. भय आहे ते मनापासून काम करणाराला. म्हणूनच मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. गावातली चांगली माणसे अशी विझू लागली तर मागे कोण उरणार?

ह्यासाठी दाखला शोधायला अमेरिकेपर्यंत जायला नको. अल्लीपूरहून आपण कामाकाजाला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला वर्ध्याला जातो. त्या वर्ध्याच्या चार-पाच कोसांच्या टापूत, १९३५ ते १९३८ ह्या तीन-चार वर्षांत, देशातली मोठी मोठी माणसे थकून अंथरुणाला लागली होती. आपण सेवाग्राम-पवनारला सहली नेतो, मुलांना कुटी दाखवतो, चरखा दाखवतो. ही गोष्ट मात्र सहसा सांगत नाही.

डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यात गांधीजींचा रक्तदाब एकाएकी वाढला. वय ६६. डॉक्टरांनी लिहिणे-बोलणे बंद करून त्यांना काही आठवडे सक्तीने विश्रांती घ्यायला लावली. सोमवारी मौन पाळणारा, वेळेवर निजणारा, रोज फिरायला जाणारा हा माणूस. त्यालाही हे चुकले नाही. एप्रिल १९३६ च्या अखेरीस ते शेगावला राहायला गेले. आज ज्याला आपण सेवाग्राम म्हणतो तेच हे शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले.

गांधीजी शेगावी गेले, पण त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई वर्ध्याला मगनवाडीत राहत. टपाल घेऊन ते पायी शेगावला जात आणि काम आटोपून पायी परत येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. वर्ध्याचा वैशाख तुम्हांला मी सांगायला नको. भरदुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही. अशा उन्हातही हा माणूस चालला. घरी येऊन पुन्हा पत्रांचा ढीग, लेख, भाषांतरे, येणाराजाणाराची व्यवस्था. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली आणि काही काळ त्यांना काम बाजूला ठेवावे लागले. पण बरे वाटताच ते पुन्हा त्याच कामाला, त्याच ओढीने लागले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, स्थानबद्धतेत, हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५०. आता, कोणाचे आयुष्य नेमके कशाने संपले हे छातीठोकपणे सांगू नये. १९४२ च्या त्या दिवसांची चिंताच एवढी होती की धडधाकट माणूसही खचला असता. तरीही मगनवाडीचा तो रस्ता मनातून जात नाही, एवढे खरे.

आणि आता त्याच वर्षातला, त्याच परिसरातला दुसरा माणूस पाहा. विनोबा भावे. १९३८ साली त्यांचे वय ४२, जवळजवळ माझ्याएवढे, आणि वजन ८८ पौंड. आजच्या हिशेबाने ४० किलो. आपल्या सातवी-आठवीच्या पोराचे वजन! नालवाडीला तासन् तास सूत कातायचे, शिकायचे, शिकवायचे, आश्रमाची काळजी वाहायची, आणि खाणे बेताचे. ही बातमी गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतले आणि प्रकृतीबद्दल जाब विचारला. माझ्यापाशी राहा, मी तुझी शुश्रूषा करतो, असे ते म्हणाले. विनोबांनी विनोदाने नकार दिला. तुम्हांला पन्नास कामे, त्यांत शुश्रूषा हे एक. आणि तुमचे रोगीही पन्नास, त्यांत मी एक. अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. (ही गोष्ट मात्र कोणी गिरवू नये. आपल्याला डॉक्टर लागतो.) मग थंड हवेच्या ठिकाणी जा, असे गांधीजींनी सुचवले. विनोबांनी सुचवले ते पवनार. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला होता, तो रिकामा होता. गांधीजींना ते पटले. गरिबाने हवापालटाला नैनितालला कुठून जावे? पण त्यांनी एक अट घातली. आश्रमाची काळजी मागे ठेवून जायचे. विचार करणेसुद्धा बंद.

७ मार्च १९३८ ला विनोबा मोटारीतून पवनारला गेले. मोटार धामच्या पुलावर आली तेव्हा, मी सगळे टाकले, असे ते मनाशी तीनदा म्हणाले. आश्रम टाकला, त्याची चिंता टाकली. आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव असा की आपण पुलापलीकडे जातो, पण ओझे बरोबर घेऊन जातो. यात्रेला गेलेला शेतकरी पंढरपुरात उभा असतो आणि मन पऱ्हाटीच्या अळीत असते. सुट्टीवर गेलेला मास्तर मामाच्या गावी बसून मोबाईलवर शाळेचे निरोप वाचत असतो. देह विसावतो, पण खांद्यावरचे जू तसेच राहते. विनोबांनी पुलावर टाकले ते हे जू.

त्यानंतर त्यांनी काय केले? नुसते पडून राहिले म्हणता? नाही. कुदळ घेतली आणि बंगल्याभोवतीची जमीन खणायला लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे जास्त. असे वाढवत वाढवत तासा-दोन तासांपर्यंत. खणतानाही थोडे खणायचे, क्षणभर थांबायचे, पुन्हा खणायचे. बाकीचा वेळ शांत. मला ह्या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ती 'दोन मिनिटे' वाटतो. विनोबांसारखा हट्टी माणूस, ज्याने मनात आणले असते तर पहिल्याच दिवशी दोन तास कुदळ चालवली असती, आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला असता. त्याने पाच मिनिटांवर हात थांबवला. काम करण्याला जेवढा निग्रह लागतो, त्याहून हात थांबवायला जास्त लागतो. काही महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर गेले. चाळीस पौंड!

खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांत राम आणि भरत यांच्या भेटीचे एक शिल्प होते. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे. कधी गेलात तर सावकाश पाहा.

ह्या ८८ पौंडांच्या माणसाने पुढे काय केले ते तुम्हांला ठाऊक आहे. मार्च १९५१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते पवनारहून पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले आणि मग ते चालतच राहिले. एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले, म्हणजे तेरा वर्षे! ऊन, पाऊस, थंडी, भारतातला जवळजवळ प्रत्येक प्रांत. ते दगडी प्रकृतीचे नव्हते. रोज पहाटे लवकर निघायचे, ठरलेली मजल चालायची, पुढच्या गावी थांबायचे. एका दिवसात दोन दिवसांचे चालायचे नाही. भूदानाचा हिशेब मांडला तर चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीची दाने झाली, आणि त्यांतली बरीच जमीन प्रत्यक्षात भूमिहीनांच्या हाती पोचलीच नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या चळवळीच्या यशापयशाबद्दल विद्वानांनी भांडावे. मला एवढेच सांगायचे आहे की १९३८ साली कोणी त्यांच्या हातून काम काढून घेतले नसते, तर भांडायला तरी भूदान उरले असते का?

आता इथे एक शंका येते आणि ती माझी नाही. अल्लीपूरला काही शेतकरी आणि शिक्षक मंडळींशी ह्याच विषयावर बोलणे चालले होते. पवनारची गोष्ट सांगून झाली. मागे बसलेले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सर, ते संत होते. आमचं काय? बैल थकला तं त्याले सोडता येते. मले कोन सोडन?"

श्रोतेहो, ह्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि मी ते दिल्याचा आव आणणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या कपाशीवर २०१७ साली गुलाबी बोंडअळीने हात मारला, ज्याचे सोयाबीन ऐन काढणीला पावसात भिजले, त्याला विश्रांतीचे धडे देणे ही थट्टा होईल. कर्ज विश्रांतीने फिटत नाही. त्याला भाव लागतो, पाणी लागते, वेळेवर पीककर्ज लागते. थकवा आणि कर्ज ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचे औषध दुसरीला चालत नाही. पण हेही तितकेच खरे की उबगलेल्या मनाला कर्ज आहे त्याच्या दुप्पट दिसते आणि वाट आहे तीही दिसत नाही. आपल्या विदर्भात किती घरांत काय घडून गेले ते मी बोलायला नको. म्हणून घरातला माणूस बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, रात्र रात्र अंगणात बसू लागला, तर ह्याला 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका. सरकारची 'टेली मानस' नावाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जवळ पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पण त्या गृहस्थांच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली होती आणि ती मला त्या दिवसापासून सतावते आहे. मले कोन सोडन? बैलाला सोडता येते, ते बरोबर. पण बैल स्वतःचे जू स्वतः सोडतो का? सोडतो धनी. दुपारी औत थांबले पाहिजे, नाहीतर खांदा सुजेल, हे बैलाला ठरवता येत नाही. धन्याला ठरवावे लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे तूप-हळदीने शेकतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला आमंत्रण देतो, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. हे सगळे दुसऱ्याने करायचे असते. मग पुन्हा पवनारकडे पाहा. विनोबांनी स्वतःचे जू स्वतः सोडले काय? गांधीजींनी बोलावून घेतले, जाब विचारला, अट घातली. जमनालालजींचे घर कामी आले. मागे आश्रमातल्या सोबत्यांनी काम अंगावर घेतले. एका माणसाला पाच मिनिटे कुदळ मारण्याची मोकळीक मिळावी म्हणून एवढ्यांचे हात लागले!

'विश्रांती घ्या' असे आपण थकलेल्याला सांगतो. ते सांगणे फार स्वस्त आहे. त्याऐवजी, 'उद्याचे ओलित मी करतो, तू घरी राहा,' असे किती जण म्हणतात?

शिक्षकांचेच घ्या. माझे एक स्नेही दूरच्या एका गावी माध्यमिक शाळेत आहेत. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही. दहावीला गणित. शाळेच्या आधी एक तास, शाळा सुटल्यावर एक तास, रविवारी सराव परीक्षा. फी नाही, सगळे पदरमोड करून. चार वर्षे शंभर टक्के निकाल. सत्कार झाले, शाल-नारळ झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. पाचव्या वर्षी ते मला म्हणाले, "फळ्याकडे तोंड असतं तोवर बरं वाटतं. मुलांकडे वळू नये असं वाटतं." मी चमकलो. मुलांसाठी रक्त आटवलेला माणूस हा! त्याच वर्षी ते मुलांवर विनाकारण ओरडू लागले आणि दोन हुशार मुलांनी सकाळच्या तासाला येणे सोडले. सत्कार करणारांपैकी कोणाच्या हे लक्षात आले नाही. लक्षात आले ते शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. त्यांनी उपदेश केला नाही. सकाळचा तास स्वतःकडे घेतला, रविवारची परीक्षा बंद केली आणि स्नेह्यांना पाचवीचा एक वर्ग दिला, जिथे निकालाची टांगती तलवार नव्हती. दुसऱ्या वर्षी निकाल शंभरावरून ब्याण्णववर आला. गावात थोडी कुजबुज झाली. पण हे गृहस्थ आज, बारा वर्षांनंतरही, त्याच शाळेत गणित शिकवीत आहेत आणि मुलांकडे तोंड करून शिकवीत आहेत. माझ्या मते, यशाचा हिशेब एका जूनच्या निकालावर करूच नये. बारा वर्षांचा करावा. शंभर टक्क्यांच्या चार वर्षांनंतर शिक्षकच संपला, तर पाचव्या वर्षाच्या मुलांनी काय पाप केले?

मुख्याध्यापक बंधुभगिनी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती आहे. शाळेच्या वेळापत्रकात मधली सुट्टी असते. कोणा शहाण्याने ती घातली आहे. मुले त्या सुट्टीत खेळतात आणि शिक्षक वह्या तपासतात, माहितीचे तक्ते भरतात. रात्री दहा वाजता मोबाईलवर निरोप येतो, 'उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती तातडीने पाठवा.' सगळी माहिती खरोखरच तातडीची असते का? वरून आलेली तातड खाली पोचवायची की आपल्या टेबलावर सकाळपर्यंत थांबवायची, हे काही अंशी तुमच्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणारांना, ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले. हिशेब शिक्षकांनी आपापला करावा. शाळा, शिकवणी, तक्ते, निवडणुकीच्या याद्या सगळे धरून.

आणि मुलांचाही करावा. सकाळी शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, रात्री अभ्यास. दहावी-बारावीचे पोर हा बैलाहून लहान जीव आहे.

शेतीत, खरे म्हणजे, थांबण्याच्या जागा पूर्वजांनी ठेवून दिलेल्या आहेत. पेरणी झाली की पाऊस येईतो वाट पाहावीच लागते. पहिल्या वेच्याला सीतादही करतात. हात कापसाला लागण्याआधी क्षणभर जमिनीपुढे वाकतात. पोळा आहे, तान्हा पोळा आहे. हे नुसते देवधर्माचे दिवस नाहीत. कामाच्या मधोमध ठोकलेल्या खुंट्या आहेत त्या. आता ट्रॅक्टर आला, त्याला पोळा नाही. तो रात्रीही चालतो आणि त्यावर बसणाराही रात्री चालतो. ट्रॅक्टर वाईट आहे असे मी म्हणत नाही, तोही लागतोच. पण ट्रॅक्टर चालवणाराला कोणी तरी, 'आता बंद कर' म्हणायला हवे, आणि ते म्हणायला पूर्वी बैल होता, तो आता नाही.

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बोलतो. त्या दिवशी बैलाला सुट्टी. गड्यालाही बहुतेक ठिकाणी सुट्टी. आणि घरातल्या बाईला? तिला पहाटेपासून पुरण. डाळ शिजवायची, वाटायची, पोळ्या लाटायच्या, बैलाचा नैवेद्य, मग माणसांची पंगत, मग भांडी. तीच बाई महिनाभर आधी निंदणाला होती आणि पुढे कापूस वेचायला जाणार आहे. तिचा खांदा शेकायची तिथी आपल्या पंचांगात मला कुठे सापडली नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार जाणारी मुले तिच्याच हातची पोळी खाऊन निघतात.

अल्लीपूरच्या त्या बैठकीत हे बोललो तेव्हा पुरुषमंडळी हसली. मागे दाराशी उभ्या असलेल्या दोन-तीन बाया मात्र हसल्या नाहीत. त्यांच्यातली एक एवढेच म्हणाली, "सर, पुरण मी शिजवतो, पोळ्या ह्यांले लाटू द्या." ह्या पोळ्याला निदान दहा घरी तसे झाले, तर आकाशवाणीला एक पत्र टाकून जरूर कळवा. पोळ्या वाकड्या झाल्या तरी चालतील.